पाताळविहिरीचा तिपेडी दोर

एका राज्यात पाण्याची जागा एकच होती, ती म्हणजे पाताळविहीर. ऐंशी पुरुष खोल. काठावरून खडा टाकला तर तो पाण्यात पडल्याचा आवाज वर येईपर्यंत माणसाची एक जांभई देऊन व्हायची. सगळे राज्य त्या विहिरीवर प्यायचे, आणि विहीर चालायची एका दोरावर. राजा भद्रसेन सिंहासनावर बसे, सेनापती घोड्यावर बसे. पण राज्य खरोखर लटकलेले होते ते त्या दोराला.

तो दोर विकत घेण्याचे काम कोठीप्रधान वसुमतीचे. धान्य, तेल, लोखंड, हत्तीचा चारा, राजवाड्याचे पडदे, सगळी खरेदी तिच्या हातून होई. वीस वर्षे तिने ती चोख केली होती, आणि चोख केली आहे हे तिला पुरेपूर ठाऊकही होते. रिवाज ठरलेला. तीन विक्रेते बोलवायचे, तिघांचा माल मांडायचा आणि कोठीतल्या साळुंकीला विचारायचे, "कमी भाव कोणाचा?" साळुंकीला खोटे बोलता येत नसे. ती बोट दाखवावे तशी चोच दाखवी, वसुमती शिक्का उठवी, काम संपले. माल कुठे होतो, कोण करतो, हे बघायला प्रधानाने उंबरा ओलांडणे इतमामाला शोभत नाही, अशी तिथली समजूत होती. वीस वर्षांत तिने तो ओलांडला नव्हता.

दोर मात्र दर अमावस्येला कुजे. मग पुन्हा तेच तीन विक्रेते येत, पुन्हा साळुंकी बोले. दोर म्हटला की कुजायचाच, असे सगळे म्हणत. वसुमतीही म्हणे.

एके सकाळी तिचा धाकटा भाऊ सोमाजी गाळ काढायला विहिरीत उतरला. अमावस्येला आठ दिवस बाकी होते. दोर अर्ध्यातच तुटला.

काठावर हाहाकार उडाला. साळुंकी खाली झेपावली आणि वर येऊन म्हणाली, "जिवंत आहे. पाण्याच्या वर एक कपार आहे, तिच्यावर बसला आहे. कपारीचा दगड झिजतो आहे. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत टिकेल."

तुटक्या दोराचे टोक वसुमतीच्या हातात होते आणि त्यावरचा शिक्का तिचाच होता.  वीस वर्षांत आपण दोराचा भाव दोनशेहून जास्त वेळा बघितला, दोर एकदाही बघितला नाही, हे तिला त्या क्षणी कळले, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घटकाभरात तिन्ही विक्रेते दरबारात हजर! उत्तरेचा पगडीवाला, पूर्वेचा टोपीवाला, दक्षिणेचा बोडका. तिघांच्या खांद्यावर नवे दोर. त्यांना न बोलावता बातमी कशी लागली, हे कोणी विचारले नाही. संकटात दारी आलेला विक्रेता देवासारखा वाटतो.

"साळुंके," वसुमती म्हणाली, आणि सवयीचा प्रश्न तिच्या ओठांवर आला. तो तिने गिळला. "हे दोर वळले कोणी?"

साळुंकी पगडीवाल्याकडे बघून म्हणाली, "धूम्रकेश मांत्रिकाने." टोपीवाल्याकडे बघून म्हणाली, "धूम्रकेश मांत्रिकाने." बोडक्याकडे बघून तिसऱ्यांदा तेच म्हणाली.

तिघे विक्रेते एकमेकांत विरघळले आणि तिथे एकच माणूस उरला. धुराच्या रंगाचे केस, तोंडावर हसू.

"ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?" राजा साळुंकीवर गरजला.

"विचारलं नाही," साळुंकी म्हणाली.

धूम्रकेश म्हणाला, "महाराज, माझा दोर माझ्या मर्जीने कुजतो. मर्जी असेल तर टिकतोही. शंभर वर्षं या राज्यानं माझ्याखेरीज कोणाकडूनही काही घेणार नाही, असा शिक्का द्या. भाव मी सांगेन तो. मुलगा आत्ता वर येईल."

वसुमतीने साळुंकीला दुसरा प्रश्न केला. "याचा शाप सुटतो कशाने?"

"तीन वेगळ्या हातांचे पेड एका दोरात वळले जावेत, आणि तो दोर पाण्याला लागावा."

"असे तीन हात हिला मिळतील?" मांत्रिक खो खो हसला. "दोर वळणारे हिच्या कोठीचं नाव ऐकलं की दार लावतात."

राजा भद्रसेन वाईट नव्हता, घाबरलेला होता. तो म्हणाला, "प्रधानबाई, हौदात तीन दिवसांचं पाणी आहे. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना दोर नसेल, तर मी शिक्का उठवीन."

"त्याआधी दोर येईल, महाराज," वसुमती म्हणाली. हे तिने इतक्या ठामपणे सांगितले की राजालाही बरे वाटले.

कोठीच्या माळ्यावर वाऱ्याच्या खडावा पडून होत्या. एका पावलात चाळीस कोस जायच्या; पण प्रधानाने कुठे जायचेच नसल्यामुळे त्यांत उंदरांनी घर केले होते. वसुमतीने उंदीर झटकले, खडावा पायात घातल्या आणि साळुंकीला म्हणाली, "सोमाजीला भाकरी पोचवत राहा. मी येते आहे म्हणून सांग."

पहिल्या दिवशी ती पाणथळीत पोचली. तिथे एक म्हातारी अंबाडी पिकवी. तिचे पाय गुडघ्यापासून खाली मुळे झालेले होते.

"अंबाडीचा पेड हवा आहे, आजी. चारशे हात."

"तू कोठीची ना?" म्हातारीने डोळे बारीक केले. "नऊ वर्षांपूर्वी माझा दोर परत पाठवलास. बोटभर आखूड म्हणून."

वसुमतीला आठवले. दोर तिने उलगडलाही नव्हता. कोणीतरी कानाशी सांगितले होते, आणि तिने मान हलवली होती. "हो. पाठवला. चुकले," ती म्हणाली. तिच्यासारख्या बाईच्या तोंडून हा शब्द निघणे म्हणजे हत्तीने उठबस करण्यासारखेच होते.

"मग उतर पाण्यात. माझी अंबाडी सात दिवस पाण्यात कुजते, तेव्हा सालीचा धागा, वाख, सुटतो. माझ्या तळ्यात सात दिवस एका प्रहरात बसतात. पण जो उभा राहतो त्याच्या अंगावर ते सातही येतात."

वसुमती कमरेइतक्या पाण्यात उतरली. एका प्रहरात सात वेळा ऊन आले, सात वेळा थंडी आली. तिच्या तळहातांची सालटी निघाली, पाय भिजून पांढरे पडले. मध्येच तिने घाईने एक काडी ओढून पाहिली, वाख तुटला. "घाई करणाऱ्याला तुकडे मिळतात," म्हातारी म्हणाली. मग वसुमतीने घाई सोडली. प्रहर संपला तेव्हा वाख रेशमासारखा मोकळा झाला होता. म्हातारीने तिथल्या तिथे पेड वळून दिला, आणि टोकाला बोटभर जास्त ठेवून तो वसुमतीला मुद्दाम दाखवला.

दुसऱ्या दिवशी ती समुद्रावर गेली. तिथे एक थोरला कासव होता, त्याच्या पाठीवर नारळीची वाडी होती, आणि वाडीतली माणसे काथ्या वळत.

"किती हवा?" कासवाने विचारले.

वसुमतीला चारशे हात हवा होता. पण वीस वर्षांची सवय! मोठा आकडा सांगितला की समोरचा नरम पडतो, हे तिच्या हाडीमाशी भिनलेले. "चार हजार हात," ती म्हणाली, आणि तिची जीभ दगडाची झाली.

"सगळे प्रधान हेच म्हणतात," कासव शांतपणे म्हणाला. "तुझ्या आधीच्याने दहा हजारांचा सांगावा धाडला आणि शंभरच नेला. उरलेला काथ्या इथे सडला. तो वळणाऱ्या दोघी बायका वाडी सोडून गेल्या. आता खरं सांग."

दगडी जिभेने कोण काय सांगणार? वसुमती गुडघे टेकून बसली आणि वाळूत बोटाने लिहू लागली. आत्ता चारशे हात. पुढे दर वर्षी चारशे हात. कमी नाही, जास्त नाही. लाट आली, पण अक्षरे पुसली गेली नाहीत. जीभ मऊ झाली. वाडीतल्या माणसांनी चारशे हात मोजून दिला. निघताना तिने त्या दोन बायकांची नावे विचारून घेतली, कारण त्या कुठे गेल्या हे तिला शोधायचे होते.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ती डोंगरावर चढली. तिथे एक मेंढका शेळ्यांच्या केसांचा दोर वळी. तो बसला की डोंगर वाटे आणि उभा राहिला की आभाळ झाके.

"दोर आहे. किंमत तूच सांग," तो म्हणाला. डोंगरावर मीठ पिकत नाही, म्हणून किंमत मिठात चाले.

"हातभर दोराला चिमूटभर मीठ," वसुमती पटकन म्हणाली. डोंगर मेंढक्यासकट दहा पुरुष उंच गेला. ती धापा टाकत चढून पुन्हा त्याच्यापुढे उभी राहिली. "मूठभर," ती म्हणाली. डोंगर आणखी दहा पुरुष वर गेला.

या वेळी ती चढली तेव्हा सूर्य माथ्यावरून कलला होता. तिच्या डोळ्यांपुढे झिजणारी कपार दिसत होती. आणखी एकदा आपण चुकलो तर डोंगर चढता येईल, पण भाऊ हाती लागणार नाही. रडू आले, ते तिने येऊ दिले, मग डोळे पुसले आणि किंमत न सांगता विचारले, "दादा, एक हात दोर वळायला तुम्हाला काय काय लागतं?"

इतक्या वर्षांत मेंढक्याला हे कोणी विचारले नव्हते. तो सांगत बसला. किती शेळ्या भादराव्या लागतात, केस किती वेळा धुवायचे, थंडीत बोटे कशी फुटतात, बायको कुठला भाग वळते. वसुमतीने सगळे ऐकले आणि म्हणाली, "हाताला सुपलीभर. त्याहून कमीत तुमच्या घरात चूल पेटणार नाही, आणि मग पुढच्या वर्षी मला दोर मिळणार नाही."

मेंढक्याने चारशे हात पेड तिच्या खांद्यावर टाकला, आणि डोंगर खाली आला तो थेट तिच्या राज्याच्या वेशीपाशीच टेकला.

विहिरीच्या काठावर अख्खे गाव जमले होते. धूम्रकेशही होता, सोन्याचा दोर घेऊन. माणसांनी भराभर तीन पेड पसरले, ओढले, पिळले. अंबाडी, काथ्या आणि केस एकमेकांत बसले. दोर दिसायला ओबडधोबड झाला, एका बाजूने काळा, एका बाजूने पिवळा. खालून सोमाजीचा आवाज आला, "अक्का, दगड हलतोय!"

धूम्रकेश पुढे झाला. "प्रधानबाई, हा सोन्याचा दोर घ्या. फुकट. तुटणार नाही, माझं वचन. शिक्का उद्या उठवा. तो गबाळा दोर कोणी वापरून पाहिलाय? त्याच्यावर माणूस कोण उतरवणार?"

लोक एक पाऊल मागे सरले. खरेच, कोण उतरणार? राजाने सोन्याच्या दोराकडे पाहिले, मावळतीकडे पाहिले, आणि त्याचा हात शिक्क्याकडे गेला.

"महाराज, थांबा," वसुमती म्हणाली. "फुकटचा दोर आज भावाला वर काढेल आणि उद्या सगळ्या राज्याला खाली सोडील. हा दोर कोणी वळला, कसा वळला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. याच्यावर मी उतरते."

तिने दोर कमरेला बांधला आणि कोणी अडवण्याआधी विहिरीत पाऊल टाकले. दोर ताणला, करकरला, आणि धरून राहिला. वीस पुरुष, चाळीस, साठ. वर आभाळ थाळीएवढे झाले. ऐंशी पुरुष होत आले तेव्हा तिने सोमाजीला कवेत धरले, आणि त्याच वेळी कपार पाण्यात कोसळली. दोघांचा भार एका दोरावर आला. दोराचे टोक पाण्याला लागले.

शाप सुटला. वर धूम्रकेशाच्या हातातला सोन्याचा दोर कुजून त्याचा चिखल झाला. त्याचे तीन चेहरे परत उगवले आणि कमी भावाचा कोण, यावरून आपसात भांडू लागले. भांडता भांडताच तो वेशीबाहेर गेला, तो कायमचा.

गावाने दोघांना वर ओढले. सोमाजी थरथरत होता, तरी रागावला. "अक्का, तू कशाला उतरलीस? वर इतकी धडधाकट माणसं होती. तुझ्या हातांची सालटी निघालीत!"

वसुमतीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "सोमाजी, तू पडलास तो दोर मीच घेतला होता. हाही मीच घेतला आहे. मग उतरायचं दुसऱ्या कोणी?"

 सोमाजीने तिचे सोललेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

राजा भद्रसेनाने त्याच दिवशी नवा रिवाज घातला: या राज्यात दोर ज्याने विकत घ्यावा, त्यानेच त्यावर पहिल्यांदा उतरावे. पुढे वसुमतीनंतर अनेक प्रधान झाले. काही हुशार होते, काही यथातथाच. पण ऐंशी पुरुष खाली जाऊन आल्यावर सगळेच शहाणे होऊन वर आले. त्या राज्याची विहीर भरलेली राहिली. तशी ऐकणाऱ्यांच्या घरची घागर भरलेली राहो.