गेलेली कळत नाही

“पण लाइट गेली, हे आम्हाला कळणार कसं?” मठाच्या सदोबुवांनी विचारलं.

प्रभाकर हसला. त्याचं सगळं आयुष्य विजेच्या कामात गेलं होतं. मठाला इन्व्हर्टर द्यायचाच, असं ठरवून तो दुपारी टेकडी चढून आला होता. तो आला आणि वादळानं लाइट गेली. आता संध्याकाळ झाली होती. समाधीपुढच्या पणतीच्या उजेडात दोघंच बसले होते.

“कळणारच नाही, बुवा.”

“म्हणजे?”

“इकडे लाइट गेली, की तिकडे बॅटरी सुरू. बल्ब लुकलुकणारसुद्धा नाही.”

“आणि बॅटरी संपली की?”

“तोवर लाइट येते.”

“आमच्याकडे?” बुवा म्हणाले. “इथली लाइट माहेरी गेल्यासारखी जाते रे. परत कधी येईल, तिचं तिलाच ठाऊक.”

“म्हणून तर दोन बॅटऱ्या देतो.”

“दे की. म्हातारी माणसं येतात, अंधारात पायऱ्यांवर पडतात. इन्व्हर्टर हवाच. फक्त त्याला एक घंटा जोड. लाइट गेली की वाजेल अशी.”

“घंटा कशाला? गेलेली कळत नाही, हाच तर त्याचा...”

तो थांबला.

बुवांनी पणतीतली वात जराशी पुढे सारली.

“तुझ्या घरी आहे ना हा?”

“आहे.”

...

“मृणाल गेली, तेव्हाही होता,” प्रभाकरच पुढे म्हणाला.

मृणाल त्याची बायको. शेवटची काही वर्षं ती घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती.

“इन्व्हर्टर नव्हता, तेव्हा लाइट गेली की मी धावायचो,” प्रभाकर म्हणाला. “मशीनची नळी काढायची, सिलिंडर लावायचा, लाइट येईपर्यंत तिचा हात धरून बसायचं. ती म्हणायची, लाइट गेली की बरं वाटतं. तुम्ही जवळ बसता.”

“मग?”

“मग इन्व्हर्टर बसवला.”

...

“त्या दिवशी लाइट सकाळीच गेली होती. मला कळलंच नाही. पंखा फिरत होता, मशीन चालू होतं. तिला सांगून बाजारात गेलो. परत आलो, तर पंखा बंद होता.”

त्यानं बुवांकडे पाहिलं.

“माझं चुकलं का, बुवा?”

दारातून वारा आला. पणतीची ज्योत आडवी झाली. बुवांनी पणती उचलली आणि प्रभाकरच्या हातात दिली. त्यानं घाईघाईनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला. ज्योत हळूहळू सरळ झाली.

वारा थांबेना. तो तसाच बसून राहिला, ज्योतीवर डोळे लावून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

...

“लाइट आली,” बुवा म्हणाले.

प्रभाकरनं मान वर केली. कोपऱ्यातला बल्ब लागलेला होता.

“कधी आली?”

“मघाशीच.”

तो पणती खाली ठेवायला वाकला.

“असू दे,” बुवा म्हणाले. “हात काढू नकोस.”