कोरडी बाजरी

"दमट दाण्यानं पाखरू मरतं का, अक्का?"

अक्कांचा झाडू थांबला नाही. टेकडीवरच्या मठामागं एक सपाट दगड आहे. सकाळी त्यावर त्या मूठभर ज्वारी टाकतात आणि दुपारी फोलपटं झाडतात. मठात एकट्याच राहतात. प्रवचन करत नाहीत. माणसं तरी चढून येतात, विचारायला.

"मरतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "बुरशी धरली असली तर."

मला हायसं वाटलं. इतकं, की त्याचीच लाज वाटली.

"तेच झालं असणार. आमच्या परसात दाण्यांचा डबा टांगलाय. सगळं वाचून केलं होतं मी. वर छप्पर. तळाला भोकं, पाणी निथळायला. तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. आता हवाच दमट, तर कोण काय करणार?"

तोंडी परीक्षेला बसल्यासारखी मी बोलत होते.

"किती गेली?"

"दोन... चिमण्या."

"डबा किती भरायचीस?"

"काठोकाठ. महिन्याचं एकदम. रोजचं लक्षात कुठं राहतं? लेकीची पाण्याची बाटली सापडेपर्यंतच सकाळ संपते माझी."

"माझे दाणे दमट होत नाहीत," अक्का म्हणाल्या. "उरतच नाहीत."

इतकं सोपं उत्तर मला नको होतं. मी पर्समधून डबी काढली.

"ही बघा. त्यातलीच बाजरी. तुम्हीच सांगा."

अक्कांनी चिमूटभर तळहातावर घेतली. बोटानं फिरवली. वास घेतला. दोन दाणे दगडावर टाकले. ते टणकन उडाले.

"ही दमट कुठं आहे? खणखणीत आहे की. महिनाभर बाहेर होती?"

"हो."

"किडा नाही, जाळी नाही. चांगली राखलीस."

आणि त्यांनी ती चिमूट तोंडाकडे नेली.

मी त्यांचं मनगट धरलं. चांगलंच घट्ट.

"अशी नको, अक्का... धुतल्याशिवाय नको."

"का गं?"

"बोरिक पावडर लावलीय."

आमच्याकडे वर्षाचं धान्य असंच राहतं. आई लावायची, सासूबाई लावतात. शिजवायच्या आधी तीन पाण्यांनी धुतलं, की झालं. पाखरांच्या बाजरीला तर मी दोन चमचे जास्तच चोळली होती. उघड्यावर राहणार म्हणून.

मी मनगट सोडलं. अक्कांनी दाणे परत डबीत टाकले, झाकण लावलं आणि नळाखाली हात धुतले. सावकाश. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला हे कधी कळलं?"

"चिमण्या सापडल्या त्याच सकाळी. डबा उतरवला, घासून ठेवला."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही 'दमटपणानं' म्हणाला असतात, तर मी स्वतःला तेच सांगितलं असतं."

"आणि लेकीला?"

"रेवूला? तिला सांगितलंय, चिमण्या मामाच्या गावाला गेल्या. ती उठायच्या आत मी त्यांना कढीपत्त्याखाली पुरलं होतं."

"पटलं तिला?"

"पटलं ना. तेच तर... रोज मागच्या पायरीवर बसते. खाऊतला अर्धा काढून ठेवते. म्हणते, प्रवासातून येतील, भुकेल्या असतील."

"त्या खाऊचं काय करतेस?"

याचं उत्तर मी नवऱ्यालाही दिलं नव्हतं.

"तिची पाठ वळली की मी खाते. आणि सांगते, येऊन गेल्या बघ."

एक साळुंकी दगडावर उतरली, काही नाही हे पाहून उडून गेली.

"तिला खरं नाही झेपणार, अक्का. चार वर्षांची आहे."

अक्कांनी खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं.

"ही टेकडी चढेल का ती?"

"छे. निम्म्यात दमेल. कडेवरच घ्यावी लागेल मला."

"चालवून पाहिलीस कधी?"

मी डबी उचलून पर्समध्ये टाकली.

"उद्या आण तिला," अक्का म्हणाल्या. "तिच्या पायांनी."