भोपळ्यांच्या दोन सांगडी

फार फार मागची गोष्ट, तुमच्या-माझ्या पणजीनंसुद्धा नुसती ऐकलेली. नदीकाठी एक गाव होतं. गाव अल्याड आणि सुईण पल्याड. नदी फुगली की पलीकडे जायला सांगडच लागायची. वाळलेले पोकळ भोपळे दोरांनी आवळून बांधायचे, वर फळ्या टाकायच्या, की झाली सांगड.

जुनी मोडली, म्हणून एक म्हातारा कारागीर दोन नव्या सांगडी घेऊन आला.

"एक तुमची, एक खालच्या गावची. एकाच मळ्यातले भोपळे, माझ्याच हातच्या गाठी. कुठलीही घ्या. मी लेकीला भेटून येतो आणि उरलेली नेतो," म्हणाला आणि गेला.

झालं! दोन्ही सारख्या म्हटल्यावर कुणाला चैन पडतंय? सगळं गाव काठावर जमलं. सगळ्यांत पुढे सुंद्राची सासू. सुंद्राचे दिवस भरत आले होते.

"माझी सून बसायचीय त्यावर. मी पारखून घेणार," सासू म्हणाली.

"अगं, दोन्ही सारख्याच दिसतात की," शेजारीण म्हणाली.

"दिसतात! तुझे दोन जावईसुद्धा मांडवात सारखेच दिसत होते. मग एक कसा निघाला?"

शेजारीण दोन पावलं मागे सरली.

त्या गावात भोपळा कानाशी हलवून घ्यायची रीत होती. आत बी खुळखुळलं तर कोरडा, नाहीतर ओल धरलेला. बाजारात ठीक आहे हो. पण सांगडीला बांधलेला भोपळा कानाशी न्यायचा कसा?

"सोडा दोर," सासू म्हणाली. "परत बांधू, त्यात काय एवढं!"

"आत्याबाई, राहू द्या ना. मला कुठलीही चालेल," सुंद्रा म्हणाली.

"तू गप गं. तुझ्याच जिवासाठी चाललंय सगळं."

भोपळे सगळेच खुळखुळले. मग कुठला जास्त, कुठला कमी, यावर भांडण जुंपलं. दिवस मावळला तेव्हा दोन्ही सांगडी वाळूत सुट्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डोंगरातलं पाणी खाली लोटलं, नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागली, आणि सुंद्राला कळा सुरू झाल्या.

माणसांनी घाईघाईनं एक सांगड बांधली. सुंद्राचा नवरा सुईणीला आणायला तिच्यावर चढला. पण गाठी म्हाताऱ्याच्या नव्हत्या. पहिल्याच ओढीला दोर सुटले, भोपळे एकेक करत वाहून गेले, आणि तो कसाबसा काठाला लागला. दुसरी बांधली, तिचंही तेच झालं.

सुईण समोरच्या काठावर गाठोडं घेऊन उभी होती. हातवारे करून काहीबाही ओरडून सांगत होती. पाण्याच्या आवाजात एक शब्द पोचला नाही.

दुपारी सुंद्राचं कण्हणं थांबलं. बाळाचा आवाज तर कुणी ऐकलाच नाही.

म्हातारा परत आला. काठाला लागलेले उरलेसुरले भोपळे गोळा करून त्यानं जेमतेम एक सांगड बांधली. खालच्या गावाला काहीच राहिलं नाही.

"बघून घ्या," तो म्हणाला.

या वेळी कुणी भोपळ्याला हात लावला नाही. सासू तिकडे पाठ करून बसली होती.

"काय बघायचं आता?" ती म्हणाली. "दोन्ही चांगल्याच होत्या."

तात्पर्य : दोन चांगल्यांतलं अधिक चांगलं शोधण्याच्या हट्टापायी हातचं चांगलंही जातं, आणि त्याची झळ दुसऱ्याच कुणाला लागते.