टिचकीला हवा किडा

टिचकी म्हणजे पालीचं पिल्लू.
एवढंस्सं. तुझ्या करंगळीएवढं. शेपटीसकट!

टिचकीचा हा पहिलाच नाताळ.
तिला वाटलं होतं, नाताळ म्हणजे मोठ्ठी चांदणी. लाल कागदाची. दारावर टांगलेली. आत दिवा. दिव्याभोवती किडेच किडे! आपण चांदणीत बसायचं. तोंड उघडायचं. आऽऽ. किडा येणार. गट्टम!
पालआईने तस्संच सांगितलं होतं.

आणि दिसलं काय?
चांदणी होती. लाल होती. दारावर टांगलेली होती. पण आत अंधार! किडा नाही. किड्याचं पिल्लूही नाही.
टिचकीने तोंड उघडलं. आऽऽ.
आत गेली हवा.

पोट म्हणालं, "गुर्र गुर्र."
टिचकी म्हणाली, "चुक चुक चुक! हा कसला नाताळ?"

"चांदणीताई, चांदणीताई, पेट ना!
किडे येत नाहीत,
मग मी खाऊ काय?"

चांदणी म्हणाली, "अशी कशी पेटू? हे बघ, माझा कोपरा फाटला. वाऱ्याने फाडला. फर्र! फाटकी चांदणी पेटली तर सगळे हसतील. बाबा खळ लावत नाहीत, तोवर मी पेटत नाही. मुळीच नाही!"

टिचकी निघाली.
सरसर सरसर, थांब. सरसर सरसर, थांब.

बाबा ओट्यावर बसले होते. डोकं खाजवत होते. खर खर खर.

"बाबा, बाबा, खळ लावा ना!
चांदणी पेटत नाही,
किडे येत नाहीत,
मग मी खाऊ काय?"

बाबा म्हणाले, "कसली खळ लावू? थुंकीची? अगं, मैदा शिजवला की खळ होते. चिकट चिकट. मैदा आहे आईकडे. आई मैदा देत नाही, तोवर मी खळ लावत नाही. मुळीच नाही!"

टिचकी निघाली.
सरसर सरसर, थांब. सरसर सरसर, थांब.

आई स्वयंपाकघरात होती. हाताला मैदा. गालाला मैदा. नाकालासुद्धा मैदा.

"आई, आई, मैदा द्या ना!
बाबा खळ लावत नाहीत,
चांदणी पेटत नाही,
किडे येत नाहीत,
मग मी खाऊ काय?"

"ईऽऽ पाल!" आई ओरडली. "जा, भिंतीवर जा!"
"भिंतीवरच आहे," टिचकी म्हणाली.
"मग तिथेच राहा. मला नाताळच्या खाऊला कुलकुल करायचेत. मैद्याचा इवलासा गोळा घ्यायचा. फणीवर दाबायचा. गुंडाळायचा. तळायचा. झाला कुलकुल! पण फणी कुठे आहे? नवी कोरी फणी! आमच्या फिलूने पळवली. फिलू फणी देत नाही, तोवर मी मैदा देत नाही. मुळीच नाही!"

टिचकी निघाली.
सरसर सरसर, थांब. सरसर सरसर, थांब.

फिलू गव्हाणीपुढे बसली होती. गव्हाण तिनेच सजवली होती. बाळ येशूसाठी. मातीच्या मेंढ्या, मातीचा उंट, चमकीचे तारे. उंटाला एक पाय कमी होता. पण तो काही बोलत नव्हता.
फिलूचे गाल फुगलेले. तिने फणीवर कागद धरला होता. वाजवत होती. पूंऽऽ पूंऽऽ!

"फिलूताई, फिलूताई, फणी दे ना!
आई मैदा देत नाही,
बाबा खळ लावत नाहीत,
चांदणी पेटत नाही,
किडे येत नाहीत,
मग मी खाऊ काय?"

"नाही देत, जा!" फिलू म्हणाली. "मी ताटलीत गहू पेरले. रोज रोज पाणी घातलं. हिरवं हिरवं शेत उगवलं. गव्हाणीपुढे ठेवलं. आणि आमच्या बकरीने खाल्लं! एका घासात! आणि वर ढेकर दिला! बकरी 'चुकलं' म्हणत नाही, तोवर मी फणी देत नाही. मुळीच नाही!"
पूंऽऽ पूंऽऽ!

टिचकी निघाली.
सरसर सरसर, थांब. सरसर सरसर, थांब.

बकरी गोठ्यात होती. रवंथ करत होती. कच कच कच. तिच्या पाठीवर बसला होता कोंबडा.
टिचकी गोठ्याच्या भिंतीवरून म्हणाली,

"बकरीबाई, बकरीबाई, 'चुकलं' म्हण ना!
फिलू फणी देत नाही,
आई मैदा देत नाही,
बाबा खळ लावत नाहीत,
चांदणी पेटत नाही,
किडे येत नाहीत,
मग मी खाऊ काय?"

"माझं काय चुकलं?" बकरी म्हणाली. "गव्हाण म्हणजे आम्हा गुराढोरांचं ताट. ताटात वाढलं. मी खाल्लं. आणि आता वाद नको, माझी पाठ दुखते. हा कोंबडा बसलाय ना वर! नखं टोचतो, टुच टुच. पाठ दुखत असताना कुणी माफी मागतं का? कोंबडा उतरत नाही, तोवर मी 'चुकलं' म्हणत नाही. मुळीच नाही!"

आता टिचकीला कुठे जायला नको. कोंबडा तिथेच होता. तिने फक्त मान वर केली.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा, उतर ना!
बकरी 'चुकलं' म्हणत नाही,
फिलू फणी देत नाही,
आई मैदा देत नाही,
बाबा खळ लावत नाहीत,
चांदणी पेटत नाही,
किडे येत नाहीत,
मग मी खाऊ काय?"

कोंबडा म्हणाला, "कसा उतरू? अंधार आहे. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही. उडी मारली आणि शेणात पडलो तर? चांदणी पेटत नाही, तोवर मी उतरत नाही. मुळीच नाही!"

"कुठली चांदणी?" टिचकीने विचारलं.
"दारावरची. लाल."
"म्हणजे... तू उतरत नाहीस, म्हणून चांदणी पेटत नाही. आणि चांदणी पेटत नाही, म्हणून तू उतरत नाहीस?"
"बरोब्बर!" कोंबडा म्हणाला. "हुशार आहेस."

टिचकीला राग आला. राग आला नाकावर. पण टिचकीचं नाक ते केवढं? राग मावेना. राग पाठीवर गेला. पाठीवरही मावेना. राग शेपटीत गेला.
टिचकीने पाठ फिरवली. शेपटी वर झाली आणि वळवळायला लागली.
वळवळ वळवळ. वळवळ वळवळ.

कोंबड्याच्या चोचीला काहीतरी लागलं.
"ए, काय ते?" कोंबडा म्हणाला. "किडा?"
टिचकीने मान वळवली. तिने शेपटीकडे पाहिलं.
छान शेपटी. पट्ट्यापट्ट्यांची. एकुलती एक.
पोट म्हणालं, "गुर्र गुर्र."

"हो," टिचकी म्हणाली. "किडाच. चांगला जाडजूड. हवा का?"
"हवा हवा हवा!"
"मग घे!"

टिचकीने डोळे मिटले. नाही, पालीला डोळे मिटता येत नाहीत. टिचकीने दात आवळले. जोर लावला.
तट्ट!
शेपटी तुटली. खाली पडली. पडली तरी नाचतेच. वळवळ वळवळ!
(घाबरू नको. पालीची शेपटी पुन्हा उगवते. थोडं दुखतं, एवढंच.)

"माझा किडा!" कोंबडा ओरडला. अंधार विसरला. शेण विसरला. टुणकन उडी मारली.
पच्च!
शेणातच पडला. पण किडा मिळाला.

कोंबडा उतरला,
तशी बकरीची पाठ दुखायची थांबली. बकरी म्हणाली, "बरं बाई, चुकलं. पण शेत चवीला छान होतं हं!"
बकरी 'चुकलं' म्हणाली,
तशी फिलू हसली. तिने फणी दिली.
फिलूने फणी दिली,
तशी आईने फणी धुतली. दोनदा धुतली. मग मैदा दिला.
आईने मैदा दिला,
तशी बाबांनी खळ शिजवली. रट रट रट. कोपऱ्याला लावली. फूऽऽ फुंकर घातली.
बाबांनी खळ लावली,
तशी चांदणी पेटली. झक्क!
चांदणी पेटली,
तसे किडे आले. भुंऽऽ भुंऽऽ! हिरवे किडे, काळे किडे, एक गुबगुबीत पतंग.

टिचकी आली सरसर सरसर. या वेळी कुठेच थांबली नाही. चांदणीत बसली. तोंड उघडलं. आऽऽ.
गट्टम!
गट्टम!
पतंग जरा मोठा होता. गट्ट... गट्ट... टम!

पोट म्हणालं, "बास."

सकाळ झाली. टण टण टण! चर्चची घंटा वाजली. नाताळ आला.
आईने दार उघडलं. वर पाहिलं.
"ईऽऽ! चांदणीत पाल! बिनशेपटीची! झाडू आणा!"
"झाडू नको," बाबा म्हणाले. "खळ अजून ओली आहे. कोपरा पुन्हा फाटेल आणि मला पुन्हा शिडीवर चढवशील."
"राहू दे ना, आई," फिलू म्हणाली. "छोटीशी तर आहे. तिचाही सण आहे."
फिलू बाबांच्या खांद्यावर चढली. चांदणीत एक कुलकुल ठेवला. "हा तुला नाताळचा खाऊ!"

टिचकीने कुलकुल चाटला.
ईऽऽ! गोड!
पण मग काय झालं? कुलकुलाजवळ मुंगी आली. मुंगीमागून मुंगी आली. मुंगीमागून मुंगी आली.
गट्टम. गट्टम. गट्टम.
वा! काय खाऊ आहे!

आई म्हणाली, "बरं, राहू दे. बारा दिवसांनी बाळ येशूला बघायला तीन राजे येतील. त्यांच्या सणाला चांदणी उतरवू. तेव्हा हिलाही उतरवू."

टिचकीने ते ऐकलं. पाय पसरले. आणि ठरवलं.
आपण इथेच राहायचं.
तीन राजांना म्हणावं, सावकाश या. उंटावरून या. वाटेत जेवा. जेवून झोपा.
तोवर मी इथून हलत नाही.
मुळीच नाही!