वाळीत टाकणाऱ्याचं नाव

"वाळीत कुणी टाकलं मला? नाव हवंय, बुवा."

दौलत शेलार मठात ठाण मांडून बसला होता. विधवा बहिणीचं पुन्हा लग्न लावून दिलं, म्हणून गावानं त्याला वाळीत टाकलं होतं. परवा बाप गेला, तर तिरडीला खांदा द्यायला कुणी फिरकलं नाही. म्हाताऱ्याला त्यानं एकट्यानं बैलगाडीतून नेलं.

"गावात विचारलंस?" भुजंगबुवा म्हणाले.

"घरोघर. पाटील म्हणतो, माझं काही नाही, पण लोक... न्हावी म्हणतो, आलो असतो हो, पण लोक... जो तो कानांवर हात ठेवतो. हे लोक राहतात कुठं? कुणीतरी सुरुवात केलीच असेल ना? त्याला धरल्याशिवाय मी गावात पाय ठेवणार नाही."

गडी हट्टाला पेटला होता. बुवांनी समजूत घातली नाही, हे त्याला बरं वाटलं.

"आधी जेव," ते म्हणाले.

मठात पंगत बसली. परगावचे चार गुराखी, काही वाटसरू. बुवांनी स्वतः भात-आमटी वाढली. शेवटची पत्रावळ त्यांची. "बसा जेवायला," म्हणाले, आणि गाईला पाणी पाजायला निघून गेले.

वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी जेवत नाही. सगळे बसून राहिले. दौलतच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. तोही बसून राहिला.

बुवा सावकाश परतले, पण पत्रावळीवर बसले नाहीत.

"का रे, जेवला नाहीस?"

"पंगत थांबलीय..."

"शेजारच्यानं अडवलं?"

"नाही."

"मी?"

"तुम्ही तर जेवा म्हणालात."

"मग हात कुणी धरला?"

दौलतनं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे बघत होता...

दौलतला स्वतःचाच राग आला. त्यानं भात कालवला, घास उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडात घातला.

मग शेजारच्या गुराख्यानं हात घातला. मग त्याच्या पलीकडच्यानं. बघता बघता पंगत जेवू लागली.

दौलतनं पंगतीवरून नजर फिरवली.

"बुवा... ते नाव?"

बुवांनी त्याला आणखी भात वाढला.

"पोटभर जेव, आणि गावात जा. तिथंही पंगत थांबलीय, भात निवतोय."