घडायला टेकलेली गोष्ट

“आलोच सरकार!” या दोन शब्दांपायी हरणगडचा हुजऱ्या भैरू देशोधडीला लागायची पाळी आली!

त्याचं असं झालं. राजेसाहेबांना इंग्रजीचं वेड लागलं होतं. भडकमकर मास्तर रोज सकाळी त्यांना एकेक वाक्य पाजत. त्या दिवशीचा घोट होता ‘अबाउट टु’.

“सरकार, गोष्ट घडलेली नाही, पण आता घडणार, अशा वेळी साहेब म्हणतो अबाउट टु. ट्रेन इज अबाउट टु लीव्ह! गाडी उभीच आहे, पण सुटायला टेकली आहे.”

“वा! काय चोख माणसं!” राजेसाहेब उद्गारले, आणि त्या भरात त्यांना ठसका लागला. “भैरू, पाणी!”

भैरू मुदपाकखान्यात भाकरी खात बसला होता. तिथूनच ओरडला, “आलोच सरकार!” आणि आला तो भाकरी संपवून, हात धुऊन, मिशा पुसून.

“आलोच म्हणालास तेव्हा आला होतास का रे?”

“न... न्हाई सरकार.”

“मग खोटं बोललास! साहेब बघ, उभ्या गाडीला सुटली म्हणत नाही. आणि तुम्ही? पायात वहाण नाही तरी ‘निघालो’! चुलीवर आधण नाही तरी ‘जेवण झालंच’! खोटारड्याला माझ्या राज्यात थारा नाही!”

मास्तर बिचारे मध्ये पडले, तेव्हा राजेसाहेबांनी दया केली. राजांची दया ती, तिला अट असायचीच! “तीन दिवस देतो. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत घडायला टेकलेली राहील अशी एक गोष्ट दाखव. घडली, तर हरलास. घडणारच नाही असं दिसलं, तरी हरलास. मग बायकोला घे आणि राज्याबाहेर हो!”

भैरूची बायको ठकूबाई रोज डोक्यावर ताकाचा डेरा घेऊन ओढ्यापलीकडच्या बाजारात जायची. घरी येऊन बघते तर नवरा कपाळाला हात लावून बसलेला. सगळं ऐकून ती म्हणाली, “अवं, भाकरी काय पळून चालली व्हती?” तोंडानं अशी बोलली खरी, पण मनात एकच घोर. या वयात बोचकं बांधून जायचं कुठं?

पहिल्या दिवशी भैरूनं पाटलाची गाभण गाय दरबारात उभी केली. गाय आता विणार, मग विणार, सगळे टक लावून बसले. बरोब्बर दुपारी ती दिवाणजींच्या गालिच्यावर व्याली!

“घडली!” राजेसाहेब म्हणाले. वासरू छान होतं, पण भैरूला त्याचं काय कौतुक!

दुसऱ्या दिवशी त्यानं चुलतसासऱ्यांना खाटेवर घालून आणलं. चार वर्षं ते ‘मी आता जातो’ म्हणत होते. दुपारपर्यंत छान कण्हले. मग आतून बासुंदीचा वास आला. म्हातारबुवा ताडकन उठून बसले, “वाटी मोठी आणा गं!”

“हे कुठले जातात! हे शंभरी गाठणार!” राजेसाहेब गरजले. “भैरू, उद्याचा एकच दिवस!”

त्या संध्याकाळी ठकूबाई बाजारातून परतत होती. कंबरभर पाण्यात, डोक्यावर डेरा, डोळ्यांत पाणी. ओढ्याच्या मधोमध ती थांबली. काठावरच्या एका दगडाकडे बघत राहिली आणि एकदम खो खो हसायला लागली. तशीच ओल्या लुगड्यानं ती वाड्यावर गेली.

“सरकार, गोष्ट घावली! पर ती दरबारात मावायची न्हाई. उद्या सकाळी ओढ्यावर या.”

तिसऱ्या दिवशी दिवस उगवायला राजेसाहेब, दिवाणजी, मास्तर, सगळा लवाजमा ओढ्यावर हजर. काठावर शेंदूर फासलेला तो पायाभरणीचा दगड आणि शेजारी पाटी, ‘येथे पूल होणार आहे’. दर वर्षी राजेसाहेबांच्या वाढदिवसाला तिथं बँड वाजे, सरकार नारळ फोडत, दिवाणजी भाषण करत, पेढे वाटले जात आणि पाटीला नवा रंग लागे.

“कुठाय गोष्ट?” राजेसाहेबांनी विचारलं.

“ह्यो काय पूल! अकरा नारळ झाले, सरकार. आज घडला, तर मी हरले.”

लवाजम्यात खसखस पिकली. राजेसाहेबांच्या भुवया चढल्या. “आणि हा घडणारच नसेल तर? तरीही तू हरलीस!”

“ते मी अडाणी बाईनं कसं सांगावं? दिवाणजींनाच इचारा की.”

दिवाणजींना दरदरून घाम फुटला. नाही म्हणावं, तर सरकारांचे अकरा नारळ खोटे पडतात! झाला म्हणावं, तर समोर नुसतं पाणी!

“होणार तर, सरकार!” ते कसेबसे म्हणाले. “अगदी... व्हायलाच टेकलाय!”

“मास्तर, इंग्रजीत?”

“द ब्रिज इज अबाउट टु बी बिल्ट,” मास्तर खाली मान घालून म्हणाले.

राजेसाहेब काठीवर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत राहिले. “ठकूबाई, अट सूर्यास्ताची आहे. मी तोवर थांबू?”

“थांबा की! म्होरल्या वाढदिवसापतोर थांबलासा तरी पूल काय मला हरवायचा न्हाई, सरकार!”

त्यावर राजेसाहेब असे हसले, असे हसले, की पगडी ओढ्यात पडली आणि तिच्यामागे दोन शिपाई!

“जिंकलीस बाई! भैरू कामावर आणि तुला जरीचं लुगडं! शिवाय आजपासून तू रोज दिवाणजींच्या पालखीतून ओढा ओलांडायचा. डेऱ्यासकट!”

“आ... आणि मी, सरकार?” दिवाणजींनी विचारलं.

“तुम्ही? तुम्ही कंबरभर पाण्यातून पालखीमागे चालायचं. पूल होईपर्यंत!”

पूल सव्वा महिन्यात उभा राहिला!