रिकाम्या ओसरीचा पाडवा

फार पूर्वी, माणसाची ऐपत त्याच्या ओसरीवर मोजायची रीत होती तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक कल्हईवाला आणि त्याची बायको राहत होती. वेशीला लागून त्यांचं घर, घरापुढे भट्टी, भट्टीला चामड्याचा भाता. गावातली तांब्यापितळेची भांडी काळी पडली की लोक ती त्याच्याकडे आणत. तो ती तापवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा, आणि भांडं आतून चांदीसारखं पांढरं करून द्यायचा.

त्या गावाला एक भारी हौस होती. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घरातली सगळी भांडी घासून पुसून ओसरीवर मांडायची. हंडे, घागरी, पराती, समया, सगळं. मग बायका वेशीपासून निघून घरोघरी बघत फिरायच्या. ज्याची मांडणी मोठी त्याच्या मुलीला चांगलं स्थळ, त्याला पंगतीत पुढचा पाट. ज्याची लहान त्याच्याकडे वर्षभर कोणी नीट बघायचं नाही. आता भांडी जास्त म्हणून अक्कल जास्त असं कुठं असतं का? पण गावाला सांगणार कोण!

तीन वर्षांपासून कल्हईवाल्याचं काम घटत चाललं होतं. भट्टी आठ आठ दिवस पेटायची नाही. त्याला वाटलं, नक्कीच दुसरा कोणी कल्हईवाला आपलं गिऱ्हाईक पळवतोय. त्या न पाहिलेल्या माणसाला तो रोज शिव्या घालायचा. पण घर तर चालवायला हवं. त्याने किराणावाल्याकडे उधारी केली. ती फेडायला कापडवाल्याकडून पैसे घेतले. कापडवाल्याचे फेडायला आणखी दोघांकडून उसने घेतले, आणि सगळ्यांचं तोंड बंद करायला पलीकडच्या गावच्या भांडीवाल्या शेठकडे घरातली भांडी गहाण टाकली. बायकोच्या माहेरची मोठी परातही त्यातच गेली. बायकोला त्याने सांगितलं, "अगं, शहरातल्या लग्नाला भाड्याने दिलीत. येतील."

आणि पाडव्याला काय करायचा? त्याच शेठकडून दुसरी भांडी भाड्याने आणून ओसरीवर मांडायचा! शेठचा मुनीम मागच्या दाराने यायचा, कानात बोलायचा आणि मागच्या दाराने जायचा.

होता होता कल्हईवाल्याची छाती धडधडू लागली. अन्न गोड लागेना. एक दिवस तो गावातल्या वैद्यीणबाईंकडे गेला. म्हाताऱ्या, विधवा, बोलायला फटकळ. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "किती जणांचं देणं आहे?"

कल्हईवाला दचकला. "बाई, नाडीत देणं कळतं?"

"नाडीत नाही कळत. दारावर कडी वाजली तसा तू माझ्या फडताळामागे सरकलास, त्यात कळलं."

तो रडायलाच लागला. पाच जणांची नावं त्याने सांगितली. वैद्यीणबाई म्हणाल्या, "याला औषध नाही, पथ्य आहे. आणि पथ्य एकट्याने पाळायचं नसतं. घरात एकाला पथ्य असलं की बाकीच्यांनी त्याच्यासमोर भजी तळू नयेत. म्हणून आधी घरी जा आणि बायकोला सांग."

त्याने घरी जाऊन सांगितलं. खाली मान घालून, एका दमात, परातीसकट सगळं. त्याला वाटलं, आता ही माहेरी जाणार. बायको उठली, तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. आत तिच्या सणावारी घालायच्या मंगळसूत्राच्या दोन सोन्याच्या वाट्या असायला हव्या होत्या, तिथे होते दोन चिंचोके.

"अहो, मीही वाट्या शेठकडेच ठेवल्यात," ती म्हणाली. "पाहुणे आले की तुम्ही जिलेबी आणा म्हणायचात. पैसे कुठून येतात ते कधी विचारलंत?"

एका चुलीवर जेवणारी दोन माणसं, एकाच शेठच्या मागच्या दाराने आत जाऊन बाहेर येत होती, आणि एकमेकांना पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी वैद्यीणबाई काठी टेकत पाचही दारी गेल्या. प्रत्येकाला म्हणाल्या, "दर बाजाराच्या दिवशी हा तुम्हाला थोडं थोडं देईल. सगळ्यांना, देण्याच्या मानाने. मधल्या काळात व्याज वाढवू नका आणि दारात येऊन आरडाओरडा करू नका. नाहीतर आणा जप्ती. काय मिळेल? दोन मडकी आणि एक खाट." चौघे कुरकुरत तयार झाले. शेठही तयार झाला, पण हसत म्हणाला, "एक हप्ता जरी चुकला, तरी भाता माझा."

भाता गेला म्हणजे पोटच गेलं. कल्हईवाल्याने मान डोलावली.

मग पथ्य सुरू झालं. नवीन उधार काही घ्यायचं नाही. कल्हईवाला आता गावोगाव फिरून काम आणू लागला, बायको पापड लाटू लागली. दर बाजाराला पाच जणांचे पैसे पोचवून दोघं वैद्यीणबाईंच्या ओट्यावर येऊन बसत आणि काय झालं ते सांगत. एकदा कल्हईवाल्याने मेहुण्यापुढे मोठेपणा करायला उधारीवर पेढे आणले. ओट्यावर येऊन त्याने ते कबूल केलं. वैद्यीणबाई म्हणाल्या, "कुपथ्य झालं. पेढे कसे होते?" "शिळे होते, बाई." तिघंही हसले. पुढच्या आठवड्यात पेढ्यांचे पैसे पापडातून फिटले.

असं करत दिवाळी आली. मुनीम मागच्या दाराने आला. "काय, मांडणीला किती नग पाठवू? भाडं चार रुपये."

"चार रुपये दिले तर या बाजाराचा हप्ता चुकेल," कल्हईवाला म्हणाला.

"हप्त्याचं मागाहून बघू हो. पण ओसरी रिकामी दिसली तर? कल्हईवाल्याच्या घरी भांडं नाही म्हटल्यावर तुमच्या हातात भांडं देणार कोण?"

मुनीम उद्या येतो म्हणून गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी नवरा बायको वैद्यीणबाईंच्या ओट्यावर गेली. "बाई, तुम्हीच सांगा. भाड्याची भांडी आणू की नको?"

वैद्यीणबाईंनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाल्या, "घर तुमचं, अब्रू तुमची. मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. पण ओसरी रिकामी ठेवलीत, तर पाडव्याला सकाळी मी तिथे येऊन बसेन. सगळ्या बायका बघून जाईपर्यंत उठणार नाही."

एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी मुनीम आला तेव्हा कल्हईवाल्याच्या बायकोने मागच्या दाराला आतून कडी घातलेली होती.

पाडव्याची सकाळ उजाडली. कल्हईवाल्याची ओसरी शेणाने सारवलेली, कडेला रांगोळी, आणि मधे पाण्याचा एक तांब्या. बाकी काही नाही. वैद्यीणबाई धुवट लुगडं नेसून पाय पसरून बसल्या होत्या. बायकांचा घोळका नेहमीसारखा वेशीपासून निघाला आणि पहिल्याच घरापुढे थबकला.

"अगं बाई!" पाटलीणबाईंनी छातीवर हात ठेवला. "चोरी झाली का गं?"

कल्हईवाल्याची बायको ओसरीच्या कडेला आली आणि म्हणाली, "चोरी नाही, पाटलीणबाई. देणं झालंय. भांडी गहाण आहेत. फेडतोय आम्ही."

अशी गोष्ट त्या गावात आजवर कोणी उजेडात बोललं नव्हतं. मग मागून कोणीतरी खुदकन हसलं. "कल्हईवाल्याच्याच घरी भांडं नाही!" हसू पसरत गेलं. वैद्यीणबाईंनी नुसतं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, तसं ते विरलं, आणि घोळका घाईघाईने पुढच्या घराकडे वळला.

"चला," वैद्यीणबाई म्हणाल्या. "आपल्याला आज राखायला काही नाही. आपणही बघून येऊ."

पुढचं घर पाटलांचं. मांडणी अशी की डोळे दिपावेत. सगळ्यांत पुढे एक मोठी पितळी परात उभी केलेली. कल्हईवाला जवळ गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. परातीच्या काठाला एक पोचा होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोच्या हातून ती पडली होती आणि त्याने स्वतः लाकडी हातोडीने तो पोचा काढला होता. पुरता निघाला नव्हता.

ती त्यांचीच परात होती!

त्याने बायकोकडे बघितलं. तिनेही ओळखली होती. झालं होतं असं की शेठ दरवर्षी या गावची भांडी लांबच्या गावी भाड्याने द्यायचा आणि तिकडची इकडे. पण यंदा ओढ्याला पाणी आल्याने तिकडची गाडी अडकली. मुनीम आळशी. भांडं ते भांडं, असं म्हणून त्याने याच गावची भांडी याच गावात वाटून टाकली होती.

कल्हईवाल्याच्या जिभेवर शब्द आला होता. आत्ताच तर ही बाई आपल्यावर हसणाऱ्यांच्या पुढे उभी होती. एकदा मोठ्याने बोललं की झालं! पण पाटलीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. कल्हईवाल्याचं बोट काठावरच्या पोच्यावर थांबलेलं त्यांनी बघितलं होतं. कल्हईवाल्याच्या बायकोने तो चेहरा ओळखला. तीन पाडवे तोच चेहरा घेऊन ती स्वतःच्या ओसरीवर उभी राहिली होती.

ती पुढे झाली आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "घाबरू नका. मी काही बोलत नाही. मीही तीन वर्षं भाड्याचीच मांडलीत."

पाटलीणबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावला आणि हमसाहमशी रडू लागल्या. बायका धावल्या. "काय झालं? काय झालं?"

"भाड्याची आहेत गं सगळी," पाटलीणबाई रडता रडता म्हणाल्या. "आमची केव्हाच गहाण पडलीत. ही परातसुद्धा यांची आहे."

हलवायाची बायको एकदम ओरडली, "अगं, मग आमच्या ओसरीवरचा हंडा कुणाचा?" शिंप्याची बायको पळत जाऊन बघून आली. "माझा! कडीला माझीच चिंधी बांधलेली आहे! आणि माझ्याकडच्या घागरी?" "त्या आमच्या असतील!" गल्लीभर नुसती पळापळ. हिची समई तिच्याकडे, तिची कळशी भलतीकडेच. दुपारपर्यंत कळलं की सबंध गावात स्वतःचं भांडं मांडलेलं एकही घर नव्हतं. बाया कपाळाला हात लावून ओसऱ्यांवर बसल्या. पुरुषमंडळी एकमेकांची नजर चुकवत उभी. इतकी वर्षं ज्याच्या मांडणीवर जळलो, त्याच्या घरात आपल्यासारखंच मडक्यात पाणी भरतात!

कल्हईवाला तर पारावर मटकन बसला. गावातली भांडीच गावात नव्हती, मग कल्हईला येणार कुठून? ज्याला तीन वर्षं शिव्या घातल्या, तो दुसरा कल्हईवाला जन्मालाच आला नव्हता.

संध्याकाळी मुनीम गाडी घेऊन मागच्या दारांनी भांडी गोळा करायला आला. एकही मागचं दार उघडलं नाही. लोकांनी भांडी पुढच्या दारी आणून, भर रस्त्यात, एकमेकांदेखत त्याच्या गाडीत ठेवली. मुनीम घाबराघुबरा झाला. "पुढच्या पाडव्याला किती नग?" त्याने विचारलं.

"एकही नको," पाटील म्हणाले. "शेठला सांगा, आमचं देणं आम्ही बुडवणार नाही. दर बाजाराला थोडं थोडं देऊ. आणि जे देऊ ते सगळ्यांसमोर देऊ."

पुढच्या बाजाराला वैद्यीणबाईंचा ओटा पुरेना. लोक अंगणात बसले, कुंपणावर बसले. "आधी खर्चाचं सांगा, मग रडा," वैद्यीणबाई ओरडत होत्या. कोणी कुपथ्य केलं की बाकीचे थट्टा करायचे आणि घरी जाताना त्याच्यासोबत चालायचे.

सगळ्यांची भांडी सुटली असं नाही. हलवायाचा मोठा हंडा मोडीत गेला तो गेलाच. पण पुढच्या दिवाळीआधी कल्हईवाल्याचा शेवटचा हप्ता फिटला. भाता त्याच्याच भट्टीला राहिला. त्याने मंगळसूत्राच्या वाट्या आणल्या आणि डोक्यावर पालथी घालून परात आणली.

पाडव्याला सकाळी पाटलीणबाई बघायला आल्या. कल्हईवाल्याच्या ओसरीवर पाण्याचा एक तांब्याच होता.

"अगं, परात सुटली ना? मग मांडली का नाहीस?"

"आत या," कल्हईवाल्याची बायको चुलीपाशी बसून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते. "मोकळी नाही ती. तुम्हालाही जेवायला थांबायचंय, म्हणून पीठ जरा जास्त घेतलंय."

तात्पर्य: देणं लपवलं की ते मागच्या दाराने वाढतं. चार माणसांत कबूल केलं, नेमाने फेडलं आणि सोबतीला कोणी बसलं, की ते पुढच्या दाराने निघून जातं.